गुरुवारची सुट्टी आणि दहावीची बॅच

पत्र: 'माझं वय ३७. लग्नाला १५ वर्षं झाली. मुलगा आठवीत, मुलगी चौथीत. आम्ही कोरेगाव तालुक्यात राहतो. सासू-सासरे आणि तीन एकर शेती माझ्याकडे असते. मिस्टर भोसरीला कंपनीत आहेत, तिथंच चौघांत खोली घेऊन राहतात. पंधरा दिवसांनी बुधवारी रात्री येतात, गुरुवारी संध्याकाळी परत जातात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या फोनवर त्यांच्या दहावीच्या वर्गातल्या एका बाईंचे मेसेज दिसले. आधी म्हणाले, "नुसतं बोलतो." मग म्हणाले, "दोन-तीनदा भेटलो." आता कबूल केलंय की तिच्याकडे मुक्कामही झाला. गेल्या वर्षीच्या शाळेच्या मेळाव्यात ओळख परत झाली. ती चिंचवडला असते, नवऱ्यापासून वेगळी. सासूबाई म्हणतात, "पुरुषाची जात, फिरून घरीच येईल. तुझे सासरे मुंबईला गिरणीत होते तेव्हा आम्ही काय कमी सोसलं? तूच जरा नीट राहात जा." माझं काय कमी पडलं? सगळेच पुरुष असे असतात का? माहेरी निघून जाऊ का?'

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. रागाच्या भरात आज-उद्या माहेरी जाऊ नका. मारहाण होत असेल, धमकी असेल, तर मात्र क्षणभरही थांबू नका. ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ क्रमांकावर फोन करा आणि निघा. तसं काही तुमच्या पत्रात दिसत नाही, म्हणून घाई नको म्हणतो. कारण पुढे येईल.

आता 'माझं काय कमी पडलं?' हा प्रश्न. सासूबाईंच्या 'नीट राहात जा'चा अर्थ साडी, पावडर आणि वजन. त्याऐवजी एक साधा हिशेब मांडून बघा. मिस्टर बुधवारी रात्री अकराला पोचतात आणि गुरुवारी पाचला निघतात असं धरू. १८ तास झाले. त्यातले सात झोपेचे. गुरुवार म्हणजे मुलांच्या शाळेचा दिवस, त्यामुळे मुलं भेटतात सकाळी तासभर. मग बँक, सोसायटी, विहिरीची मोटर, वडिलांच्या बीपीच्या गोळ्या, पारावरचे मित्र. तुमच्या वाट्याला उरतं जेवण वाढण्याइतकं अंतर, तेही सासू-सासऱ्यांसमोर. महिन्याचे असे ३६ तास. एवढ्या वेळात कुठलीही बाई नवऱ्याची बायको म्हणून राहू शकत नाही. ती त्याच्या घराची व्यवस्थापक होते आणि तो घरचा पाहुणा होतो. पाहुण्याला कुणी भांडणं सांगत नाही, आणि पाहुणाही आपली कुचंबणा बोलत नाही.

हे तुमच्या एकटीच्या नशिबी आलेलं नाही. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. विजेचा भार वेगवेगळ्या दिवसांवर वाटला जावा म्हणून ती तशी ठरली. कुणाचा संसार मोडावा असं त्यात कुणाच्या मनात नव्हतं. पण मुलांचा रविवार आणि बापाचा गुरुवार हे वर्षातून एकदाही जुळत नाहीत, एवढं खरं.

सासूबाईंनी गिरणीचं नाव काढलं ते बरंच झालं, कारण त्यांनी नकळत मुळावर बोट ठेवलंय. साताऱ्याचे आणि रत्नागिरीचे पुरुष गिरणगावात पाळीपाळीनं एकाच खोलीत झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि बायका गावाकडे म्हातारी माणसं नि जमीन सांभाळायच्या. त्या व्यवस्थेत काहींनी मुंबईत दुसरं घर केलं. गावाला ते ठाऊक असायचं आणि मनिऑर्डर वेळेवर आली की कुणी तोंड उघडायचं नाही. १९८२ च्या संपानं गिरण्या गेल्या, माणसं गावी परतली, पण मांडणी तीच राहिली. लालबागच्या जागी भोसरी आली, मनिऑर्डरच्या जागी गूगल पे. सासूबाईंनी सोसलं हे खरं आहे, त्याबद्दल त्यांना कमी लेखू नका. मात्र सोसणं हा त्यांचा नाइलाज होता. तो घराण्याचा नियम म्हणून तुमच्या गळ्यात घालण्याचं कारण नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्याकडे अशा पुरुषासाठी 'रंगेल', 'बाहेरख्याली' हे शब्द आहेत, आणि त्याच्या वागण्याला 'भानगड', 'लफडं' म्हणतात. सगळे शब्द अर्धे हसत बोलता येतात. जुन्या पिढीत ठेवलेल्या बाईला 'अंगवस्त्र' म्हणायचे, जणू खांद्यावर टाकली नि काढून ठेवली. बाईनं तेच केलं तर तिच्यासाठी असलेला एकही शब्द चारचौघांत उच्चारता येत नाही. कायदाही याच मुशीतला होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं ४९७ वं कलम दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा द्यायचं, तक्रारीचा अधिकार त्या बाईच्या नवऱ्याला होता, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नव्हता. फसवल्या गेलेल्या बायकोला त्यात जागाच नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ ला ते रद्द केलं. एखादी सूट सव्वाशे-दीडशे वर्षं घरात, पारावर आणि कायद्यात मिळत राहिली की ती सूट आहे हे पुरुषाच्या लक्षातही येत नाही. पकडला गेला की तो खरोखर बुचकळ्यात पडतो: 'घरी काही कमी केलं का मी?' पैसे पाठवतोय म्हणजे नवरेपण पार पडलं, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

त्यात आता दहावीच्या बॅचचे ग्रुप आलेत. यांना हसू नका. २०-२५ वर्षांनी भरणारे हे मेळावे चाळिशीच्या पुरुषाला विलक्षण भुरळ घालतात, आणि त्याचं कारण शरीर हे क्वचितच असतं. कंपनीत तो सुपरवायझरच्या शिव्या खाणारा कामगार, कदाचित कंत्राटी. घरी तो कर्जाचा हप्ता भरणारा, फोनवर 'सिलिंडर संपला, फी भरायची' एवढंच ऐकणारा माणूस. त्या ग्रुपवर मात्र तो अजून कबड्डीचा कॅप्टन असतो. जुनी वर्गमैत्रीण त्याच्याशी त्या पोराशी बोलावं तशी बोलते. तिला हप्ता माहीत नसतो, विचारायचाही नसतो. आपल्याकडच्या पुरुषाला मन मोकळं करायला दोनच जागा शिकवलेल्या असतात, दारू आणि बाई. मित्रासमोर रडता येत नाही, बायकोसमोर कमीपणा वाटतो. मग 'गुड मॉर्निंग'पासून सुरू झालेलं बोलणं रात्री अकराला घरच्या तक्रारींवर येतं. खरं वळण तिथंच असतं. ज्या दिवशी नवरा तुमच्याबद्दलची तक्रार तुम्हाला सोडून तिला सांगू लागला, त्या दिवशी मुक्कामाची वाट मोकळी झाली होती.

त्या बाईंबद्दलही एक वाक्य. वेगळी राहणारी बाई शहरात घरभाड्यापासून नजरेपर्यंत रोज काय झेलते हे तुम्हाला कळेल. तिला कदाचित 'आमचं घरी नावापुरतंच आहे' असंही सांगितलं गेलं असेल. तिच्या दारात जाऊन तमाशा करू नका, ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका. वचन तिनं मोडलेलं नाही.

'सगळेच पुरुष असे असतात का?' नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पत्नी किंवा सोबत राहणारी जोडीदार नसलेल्या व्यक्तीशी वर्षभरात संबंध आल्याचं सुमारे ४ टक्के पुरुषांनी सांगितलं. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास होतं. यात अविवाहितही आले, आणि परक्या माणसासमोर सगळे खरं सांगत नाहीत हेही धरायला हवं. तरीही 'पुरुषाची जातच तशी' या बोलण्याला आधार उरत नाही. मिस्टरांच्या खोलीत आणखी तिघं राहतात. त्यांनाही गुरुवारचीच सुट्टी, त्यांचीही घरं लांब. परिस्थितीनं दार उघडं ठेवलं. पाऊल मिस्टरांनी टाकलं. ही दोन्ही वाक्यं एकदम धरून ठेवा. पहिलं विसरलात तर स्वतःला किंवा त्यांना नुसत्या शिव्या द्याल, आणि दुसरं विसरलात तर त्यांना सबब मिळेल.

आता करायचं काय.

सगळ्यात आधी तपासणी. अवघड वाटेल, पण हिला टाळाटाळ नको. आपल्याकडे कंडोम म्हणजे फक्त पाळणा लांबवायचं साधन समजतात. बाईचं ऑपरेशन झालं की तो घरातून कायमचा जातो. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. त्यामुळे नवऱ्यानं बाहेरून आणलेला संसर्ग थेट बायकोपर्यंत पोचतो, आणि स्त्रियांना अनेकदा काही लक्षणंच दिसत नाहीत. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसी म्हणजे समुपदेशन-तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. तिथंच सिफिलिस आणि कावीळ-ब च्या तपासणीचं विचारा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. गावात ओळखीचे लोक असतील तर साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जा. तपासणी दोघांची करायची, कारण एकट्या तुमच्या निकालावरून त्यांचं काही कळत नाही. शेवटच्या संबंधाला तीन महिने झाले नसतील तर पहिला निकाल चांगला आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. संसर्ग झाल्याबरोबर रक्तात दिसत नाही. तोवर कंडोम, नाहीतर काहीच नाही. 'ऑपरेशन झालंय मग कशाला?' असं ते म्हणाले तर उत्तर एवढंच: 'हे मुलासाठी नाही, माझ्या जिवासाठी आहे.' शंका विचारायला १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

मग बोलणं. आतापर्यंत जे झालं ते हप्त्याहप्त्यानं कबुली देणं झालं: आधी बोलतो, मग भेटतो, मग मुक्काम. दर खेपेला तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येता. मूळ गोष्टीपेक्षा हे हप्ते विश्वास जास्त पोखरतात. म्हणून त्यांना आधीच सांगा की एकदाच बसायचं आणि सगळं सांगायचं. नंतर नवीन काही निघालं तर ते आजच्यापेक्षा महागात पडेल. फोनवर नको. बुधवारी रात्री, चार तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाशी नको. दारू प्यायले असतील तर मुळीच नको. गुरुवारी सकाळी मुलं शाळेत गेल्यावर, घराबाहेर, शेताच्या बांधावर बसा. तास-दीड तास पुरे. त्यापुढे दोघंही थकतात आणि तोंडून नको ते निघतं.

हे विचारा: अजून चालू आहे का? कधीपासून? तिला लग्नाचं काही कबूल केलंय का? पैसे किती गेले, कुठून गेले, कुणाकडून उसने घेतले का? कुणाकुणाला माहीत आहे? तपासणीला येणार का? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: तुम्हाला हे घर हवंय का? अंथरुणातला तपशील विचारू नका. तो मोह फार होतो, आणि एकदा ऐकलेलं चित्र डोळ्यांसमोरून वर्षानुवर्षं हलत नाही. ती सुंदर आहे का, माझ्यापेक्षा बरी आहे का, हेही त्याच जातीतले प्रश्न.

ते म्हणाले की संपवायचंय, तर संपवण्याची रीत ठरवून घ्या. एक छोटा, स्पष्ट मेसेज त्यांनी स्वतः लिहायचा, तुमच्यासमोर पाठवायचा, मग नंबर ब्लॉक. 'शेवटचं एकदा भेटून समजावून येतो' याला परवानगी देऊ नका. अशा शेवटच्या भेटीतूनच बहुतेक प्रकरणं पुन्हा सुरू होतात. बॅचचा ग्रुप सोडावा लागेल. कुणी विचारलं तर 'ड्युटी वाढली' एवढं पुरतं.

पासवर्डचं म्हणाल, तर सहा महिने फोन उघडा ठेवायचा असं दोघांच्या संमतीनं ठरवा आणि मुदत पाळा. चोरून ट्रॅकिंगचं ॲप टाकू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ते तुमच्याच अंगावर येऊ शकतं. शिवाय रात्री दोनला त्यांचं लोकेशन बघत बसणाऱ्या बाईला झोप कुठून येणार? तेच तेच प्रश्न पुन्हा विचारावेसे वाटतील, तो तुमचा दोष नाही. त्यासाठी रोज २० मिनिटांचा फोन ठरवा, त्यांची पाळी बघून. त्या वेळात तुम्ही काहीही विचारायचं, त्यांनी न चिडता सांगायचं, आणि वेळ संपला की विषय बंद. दिवसभर ठिबकत राहण्यापेक्षा हे दोघांना झेपतं. 'एकदा माफी मागितली ना, आता किती दिवस तेच?' हे वाक्य साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येईल. तिथं नमतं घेऊ नका. माफी त्यांनी मागितली ती एका दिवसाची होती, जखम वर्षाची आहे.

यातलं काहीही टिकणार नाही, जर ३६ तासांचा हिशेब तसाच राहिला. अनेक जोडपी इथंच फसतात. रडणं होतं, शपथा होतात, देवाला जाऊन येतात आणि पुढच्या बुधवारपासून तीच गाडी तीच खोली. तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. मुलांना घेऊन भोसरी-मोशीकडे बिऱ्हाड करणं. मुलगा आठवीत आहे, तेव्हा येत्या जूनमध्ये नववीला शाळा बदलता येईल, त्यानंतर दहावीच्या तोंडावर हलवणं कठीण. किंवा मिस्टरांनी शिरवळ नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीत काम बघणं. पगार कमी मिळेल, पण खोलीभाडं, खानावळ आणि प्रवास वजा करून मग तुलना करा. यातलं काहीच लगेच जमत नसेल तर निदान महिन्यातून दोन रात्री तुम्ही एकटीनं तिकडे जायचं. सासू-सासऱ्यांचं कोण बघणार, हा प्रश्न येईलच, आणि तो दीर-नणंदांसमोर मांडायचा आहे. मुलगा त्यांचा, पण म्हातारपण एकट्या सुनेचं, ही वाटणीही या सगळ्याच्या मुळाशी आहे.

पैशाचं थोडक्यात. सहा महिन्यांचं पासबुक आणि पगाराच्या स्लिपा मागा. पीएफ आणि विम्याला नॉमिनी कोण आहे ते बघा. पतसंस्थेचं नवं कर्ज निघालंय का, ते विचारा.

कायद्यापुरतं सांगायचं तर विवाहबाह्य संबंध आता गुन्हा नाही, त्यामुळे नुसत्या तेवढ्यासाठी पोलीस गुन्हा नोंदवणार नाहीत. पण हिंदू विवाह कायद्याच्या १३ व्या कलमाखाली घटस्फोटाचं ते कारण आहेच. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: कळल्यावर तुम्ही त्यांना माफ करून पूर्ववत संसार केलात, तर त्याच जुन्या प्रसंगावर नंतर घटस्फोट मागताना 'तिनं माफ केलं होतं' हा बचाव त्यांना घेता येतो. म्हणून समेटाच्या आधी एकदा वकिलाशी बोला. त्याचा अर्थ घर मोडायला निघालात असा होत नाही. त्यांनी दुसरं लग्न केलं तर मात्र तो गुन्हा आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, सात वर्षांपर्यंत कैद. नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली असेल तर त्याच्यासोबत राहायला नकार देऊनही पत्नी पोटगी मागू शकते. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तुम्हाला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. माहेरी घाईनं जाऊ नका म्हटलं ते यासाठी. हक्क तिथं गेल्यानं बुडत नाही, पण मुलांची शाळा तुटते, कागद सासरी राहतात, आणि महिनाभरात गावात 'तीच सोडून गेली' अशी गोष्ट तयार होते. ती पुसायला कोर्टात दोन-दोन वर्षं जातात. वकिलाला पैसे नसतील तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१०० आहे.

विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर ग्रामपंचायतीत अर्ज करा. तो, मुलांचे जन्मदाखले, आधार, सातबारा आणि मेसेजचे फोटो यांची एक प्रत बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवा.

समुपदेशकाकडे दोघांनी जावं. पोलिसांचा भरोसा सेल किंवा महिला सहाय्य कक्ष, आणि कौटुंबिक न्यायालयातही समुपदेशक असतात. पहिल्याच बैठकीत कुणी तुम्हाला 'जरा ॲडजस्ट करा' म्हणालं तर उठा आणि दुसरीकडे जा. तुमची झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

मिस्टर तपासणीला येत नसतील, मेसेज पाठवायला तयार नसतील आणि 'तुला काय कमी आहे?' एवढंच म्हणत असतील, तर वर लिहिलेली मेहनत तुम्ही एकटीनं करू नका. तीन महिन्यांची मुदत मनाशी धरा, तारीख वहीत लिहा आणि तोवर कागद, शिलाई किंवा दूध-डेअरी अशी स्वतःची थोडी कमाई आणि वकील या तीन गोष्टी जमवून ठेवा.

मुलांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण आठवीतल्या मुलाला बहुधा कळलेलं असतं. त्याला एवढं सांगा: 'आई-बाबांचं भांडण चालू आहे, ते आमचं आम्ही बघतोय, तुला कुणाची बाजू घ्यायची नाही.' बाबांचा फोन बघायला त्याला कधी लावू नका.